बॅरिअॅट्रिक सर्जरीनंतर घाम, थरथर आणि अडलेलं वजन: तपासणी चहाच्या कपापासून सुरू करा

वजन कमी करायचं ऑपरेशन आपल्याकडचे लोक मुंबई, पुणे, नाशिकला करून येतात. नंदुरबार-शहाद्याकडचे सुरत गाठतात, रावेरकडचे इंदूर. टाके सुकले की माणूस घरी येतो आणि पुढची सगळी वर्षं इथल्याच ताटावर काढतो. मी जळगावात आहारसल्ल्याचं काम करते. असे पेशंट माझ्याकडे येतात तेव्हा तक्रार बहुतेक वेळा एकच असते, सांगायची तऱ्हा तेवढी वेगळी. कुणी म्हणतं जेवलं की गरगरतं, कुणी म्हणतं पोट परत मोठं झालंय, कुणी ‘ऑपरेशन फेल गेलं ताई’ म्हणत रिपोर्टची पिशवी टेबलावर ठेवतं. त्यातल्या बहुतेकांचं ऑपरेशन व्यवस्थित असतं. कार्ब्स (म्हणजे खाण्यातली साखर आणि स्टार्च) कोणत्या रूपात, कशाच्या आधी आणि कशासोबत पोटात जातात, घोळ तिथे असतो.

खालचा क्रम मी रोज वापरते तोच आहे. फुकटात होणारं आधी, खर्चाचं नंतर. स्लीव्ह झालेल्यांना (जठराचा साधारण ७५ ते ८० टक्के भाग काढून उरलेली नळी) आणि बायपास झालेल्यांना (वर छोटी पिशवी करून तिला थेट आतडं जोडलेलं) दोघांनाही तो चालतो. ऑपरेशनला अजून दोन महिनेही झाले नसतील, पातळ किंवा मऊ खाण्याच्या टप्प्यात असाल, तर हे बाजूला ठेवा आणि सर्जनच्या टीमने दिलेल्या तक्त्यावरच चाला.

लक्षणं: आधी घड्याळ बघा

काय होतं यापेक्षा खाल्ल्यानंतर किती वेळाने होतं, हे मला आधी हवं असतं. पुढचा निम्मा निकाल त्यावरच लागतो.

खाल्ल्यावर १० ते ३० मिनिटांत पोटात कळ, गुडगुड, जुलाब, छातीत धडधड, अंगाला घाम, आणि ‘मला आडवं होऊ द्या’ असं वाटणं: याला लवकरचं डम्पिंग म्हणतात. गोड किंवा पातळ पिठूळ पदार्थ जठरात न थांबता एकदम लहान आतड्यात उतरतो. तो इतका तीव्र असतो की त्याला पातळ करायला शरीर रक्तातलं पाणी आतड्यात ओढतं. पोट फुगतं, रक्तदाब घसरतो, काळीज धडधडतं.

जेवून १ ते ३ तास झाले, सगळं ठीक होतं, आणि अचानक हात थरथरायला लागले, घाम फुटला, भुकेने जीव कासावीस झाला, बोलताना शब्द सापडेनात: हा डम्पिंगचा उशिराचा प्रकार. साखर झपाट्याने रक्तात चढली, तिला आवरायला इन्सुलिन गरजेपेक्षा जास्त सुटलं आणि रक्तातली साखर खाली आपटली. हे बायपासनंतर जास्त दिसतं, पण स्लीव्हवाले सुटलेले नाहीत. बऱ्याचदा ऑपरेशनला वर्ष उलटून गेल्यावर सुरू होतं, म्हणून कुणी त्याचा संबंध ऑपरेशनशी लावतच नाही. घरचे म्हणतात बीपी कमी झालं, आणि लिंबू-साखरेचं सरबत पाजतात. तासाभराने माणूस पुन्हा थरथरतो.

तिसरा गट असा, की अंगाला काहीच होत नाही, पण वजन अडलंय किंवा वर चालायला लागलंय. इथे एक लक्षात घ्या. बहुतेकांचं वजन ऑपरेशननंतर वर्ष ते दोन वर्षांत सगळ्यात खाली जातं आणि तिथून थोडे किलो परत येतात. तेवढ्याने घाबरायचं कारण नाही. काटा महिन्यामागून महिना वरच जात असेल तर तपासायला घ्या.

आणि उलट्या टोकाचेही असतात. मोबाइलवर बघून भाकरी, भात, फळ, सगळंच बंद केलेले. थकवा, बद्धकोष्ठ, तोंडाला वास, उठताना चक्कर. त्यांचं काय करायचं ते भाकरीच्या मुद्द्यात येईल.

एप्रिल-मे महिन्यात आणखी एक भानगड असते. भुसावळ-जळगावचा पारा पंचेचाळिसाच्या आसपास जातो, आणि लहान पोटात एका वेळी ग्लासभर पाणी मावत नाही. दिवसभरात दीड ते दोन लिटर पाणी घोट घोट गेलं नाही तर उभं राहताना अंधारी येते, लघवी गडद होते. या चक्करेचा जेवणाच्या वेळेशी संबंध नसतो. तिच्यावर उपाय पाणी आहे, साखर नव्हे.

१. कपात आणि ग्लासात काय आहे?

एक पैसा लागत नाही, आणि माझ्या अनुभवात सगळ्यात जास्त गाठी इथेच सुटतात.

तीन दिवस फक्त प्यायलेलं लिहून काढा. जेवण लिहू नका, कारण जेवण लिहायला लागलं की माणूस शहाण्यासारखं जेवायला लागतो. चहा, दूध, ताक, सरबत, रस, सोडा, सगळं लिहायचं, साखरेच्या चमच्यासकट.

आपल्याकडचा चहा गोड असतो हे वेगळं सांगायला नको. कपात दोन चमचे साखर म्हणजे १० ग्रॅम. सकाळी दोन कप, दुकानावर दोन, संध्याकाळी कुणी आलं तर एक. पन्नास ग्रॅम साखर दिवसाच्या हिशेबात धरलेलीच नसते, कारण ‘मी तर काही खातच नाही’ हे वाक्य खरंच असतं. गुळाच्या चहाला मी वेगळी सूट देत नाही. गुळातही जवळजवळ सगळी साखरच असते, आतड्याला फरक कळत नाही.

उसाच्या रसाच्या पाव लिटरच्या ग्लासात ३० ग्रॅमच्या वर साखर जाते. कोल्ड्रिंकच्या तेवढ्याच मापात पंचवीसच्या पुढे, वर गॅस. आमरस तर वाटीनेच जातो, पण आखाजीचा (अक्षय्य तृतीयेचा) विषय पुढे आहे.

पातळ पदार्थावर एवढा जोर का, तर ऑपरेशनने पोट भरल्याची जी खूण दिली तिला तो चकवतो. घट्ट पदार्थ त्या छोट्या जागेत थांबतो, भिंत ताणली जाते, पोट भरल्याचा निरोप मेंदूला जातो. रस थांबतच नाही. त्यामुळे वजन वाढायलाही तोच कारण आणि डम्पिंगलाही तोच.

उन्हाळ्यात ओआरएस घ्यायचं की नाही, हा प्रश्न हमखास येतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राच्या पाकिटात एक लिटर पाण्याला १३.५ ग्रॅम ग्लुकोज असतं. घोट घोट घेतलं तर बहुतेकांना चालतं. पण तयार डब्यातली रंगीत ‘एनर्जी’ पेयं त्याच कपाटात ठेवलेली असतात, आणि त्यात साखर कितीतरी जास्त. पाकिटावर प्रमाण वाचल्याशिवाय घेऊ नका. मीठ-जिरं घातलेलं पातळ ताक सगळ्यात स्वस्त.

प्यायच्या साखरेला दोन आठवडे पूर्ण सुट्टी द्या. निम्म्या लोकांना पुढचं वाचायची गरज पडत नाही, असं मी मोजलेलं नाही, पण वाटतं खरं.

२. आधी काय खाता आणि तांब्या कधी उचलता?

हेही फुकट. ताटातला पदार्थ न बदलता फक्त क्रम बदलायचा. आधी प्रथिनं: घट्ट वरण, मोड आलेली मटकी, अंडं, पनीर, दही, मासे-चिकन खात असाल तर ते. मग भाजी. भाकरी-पोळी सगळ्यात शेवटी, आणि जागा उरली तरच. दिवसाला साधारण ६० ते ८० ग्रॅम प्रथिनं गेली पाहिजेत, आणि एका अंड्यात असतात ६. म्हणजे भाकरीने जागा आधीच अडवली तर हिशेब कधी जुळणारच नाही. शिवाय प्रथिनं आणि तंतू आधी गेले की मागून येणारी साखर हळू चढते.

पाणी जेवताना नाही. जेवण झाल्यावर अर्धा तास थांबून. मध्येच घोट घेतला की अन्न पातळ होऊन पुढे सरकतं, पोट लवकर रिकामं होतं आणि दोन घास जास्त जातात.

याच नियमाचं एक खानदेशी पोटकलम आहे, जे बाहेरच्या कोणत्याही तक्त्यात सापडत नाही. आपण भाकरी कुस्करतो. वरणात, दुधात, शेवभाजीच्या रश्श्यात. वरणबट्टीला तर बट्टी चुरून वर वरण आणि तूप ओतल्याशिवाय जेवल्यासारखं वाटत नाही. चोपड्याकडच्या एका काकांचं सगळं बरोबर होतं. चहा बिनसाखरेचा, गोड बंद. तरी दुपारी जेवल्यावर अर्ध्या तासात खाट धरायचे. मी म्हटलं, जेवता कसे ते दाखवा. त्यांनी डब्यातली अर्धीच भाकरी वाटीत घेतली, बारीक कुस्करली, वरून वाटीभर पातळ वरण ओतलं, बोटांनी कालवलं आणि चार-पाच मिनिटांत वाटी रिकामी. अर्धी भाकरी म्हणजे मापात होतं. पण दातांचं काम बोटांनी केल्यावर ती भाकरी राहिली नाही, लापशी झाली. तेच वरण घट्ट करून चमच्याने आधी आणि तीच भाकरी तुकडा तोडून, चावून नंतर, असं बदललं. जेवणाला वीस-पंचवीस मिनिटं लागायला लागली आणि खाट सुटली.

कुस्करलेलं बंद करा असं घरात सांगितलं की सासूबाई म्हणतात, दात नाहीत तर काय करणार. मग भाकरी कुस्करायची नाही, कमी करायची, आणि अंडं-दही-वरण वाढवायचं.

३. कोरडा डबा

बिबडे, कुरडया, केळीचे वेफर्स, चिवडा, शेव, मुरमुरे, खारी, टोस्ट, मारी बिस्कीट.

मांसाचा तुकडा किंवा मटकीची उसळ खाताना चार घासांत पोट ‘बास’ म्हणतं. वेफर्सला ते म्हणत नाही, कारण तोंडातच पीठ होऊन ते सरळ खाली घसरतात. त्यामुळे जो माणूस एक भाकरी संपवू शकत नाही तोच टीव्हीसमोर वेफर्सचं पाकीट सहज संपवतो, आणि खरंच त्याला काही होत नाही. वजन अडलेल्या लोकांमध्ये मला सगळ्यात आधी याच डब्याचा संशय येतो. बिबडे ज्वारीचे, घरचे, उन्हात वाळवलेले असतात म्हणून पौष्टिक वाटतात. ज्वारी आहे हे खरं, पण भाजलेला बिबडा कुरकुर करत जातो तो पोट भरल्याशिवाय. तेलकट गोष्टींचं तर बोलायलाच नको.

उपाय कंटाळवाणा आहे. डबा स्वयंपाकघरातून हलवा. मधल्या वेळी काही कुरकुरीत हवंच असेल तर मूठभर भाजलेले शेंगदाणे किंवा फुटाणे, बशीत मोजून, डब्यातून नाही. फुटाण्यातही कार्ब्स असतात, पण प्रथिनं आणि तंतू सोबत असतात आणि चावावं लागतं.

४. औषधाची पट्टी वाचा

ऑपरेशनआधी मधुमेह होता त्यांनी पुढच्या मुद्द्यातला वजनकाटा विकत घेण्याआधी हे करा. जुनी गोळी चालूच आहे का? ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड यांसारख्या गोळ्या आणि इन्सुलिन साखर खाली ओढतात. वजन उतरल्यावर, खाणं कमी झाल्यावर तोच डोस भारी पडतो. जेवणानंतरची थरथर डम्पिंगची नसून गोळीची निघते, असं बरेचदा होतं. गोळी स्वतःहून बंद करू नका. पट्टीचा फोटो काढून डॉक्टरांना त्याच दिवशी पाठवा.

दारूचा उल्लेख इथेच उरकते: या ऑपरेशननंतर ती लवकर आणि जास्त चढते, आणि रिकाम्या पोटी साखरही पाडते.

५. भाकरी काट्यावर

स्वयंपाकघरातला छोटा डिजिटल काटा काही शेकड्यांत मिळतो. आयुष्यभर वापरायचा नाही, एक आठवडा पुरे.

भाजलेली भाकरी मोजू नका, कारण तिच्यात पाणी असतं. काठवटीत घेतलेलं कोरडं पीठ मोजा. शिरपूरच्या एक ताई म्हणत होत्या, मी फक्त एकच भाकरी खाते. नेहमी घेतात तेवढं पीठ त्यांना काट्यावर घ्यायला सांगितलं. ९० ग्रॅम भरलं. ज्वारीच्या पिठात साधारण दोन तृतीयांश कार्ब्स असतात, म्हणजे त्या एका भाकरीत ६० ग्रॅम. उशिराच्या डम्पिंगसाठी एका जेवणात साधारण ३० ग्रॅमच्या आत राहा असं सांगितलं जातं. ताईंची ‘फक्त एक’ दुप्पट होती. त्यांनी ४० ग्रॅमचा छोटा गोळा थापायला सुरुवात केली, मुलाच्या भातुकलीतली भाकरी म्हणून घरात हसून झालं, आणि दुपारची थरथर थांबली.

कळण्याची भाकरी घ्या असं मी सांगते, कारण उडीद मिसळलेला असल्याने प्रथिनं आणि तंतू वाढतात. पण कळणा म्हणजे सूट नाही. तिसरा हिस्सा उडीद असला तरी कार्ब्स थोडेच कमी होतात. माप तेच.

बाकीच्यांचा अंदाज: शिजलेला भात १०० ग्रॅम म्हणजे जवळपास २८ ग्रॅम कार्ब्स, आणि मऊ भात कुस्करलेल्या भाकरीइतकाच निसरडा. सोललेलं १०० ग्रॅम केळं, २३ ग्रॅम. केळीच्या जिल्ह्यात राहून केळं सोडा म्हणायला माझी जीभ रेटत नाही, आणि तशी गरजही नसते. अर्धं केळं, फार पिकलेलं नको, सोबत शेंगदाणे किंवा दही, आणि जेवणाला जोडून नाही. एकटं, रिकाम्या पोटी, शिकरण करून, दुधात साखर घालून: या चारही गोष्टी नकोत.

आता सगळेच कार्ब्स तोडलेल्यांसाठी. दिवसाला ५० ग्रॅमच्या खाली बराच काळ राहायचं असेल तर ते तुमच्या टीमच्या देखरेखीत. स्थिरावल्यावर बहुतेकांना हळूहळू १०० ते १३० ग्रॅमपर्यंत नेता येतं, पाच-सहा छोट्या खाण्यांत वाटून. तंतूही त्याच धान्यातून आणि डाळीतून येतात. ते बंद केले की बद्धकोष्ठाची बाटली सुरू होते.

६. पंगत, आखाजी आणि उपवास

हे तपासणीत मोडत नाही, पण तक्रार परत येते ती इथूनच. सहा महिने नीट चाललेलं माणूस मे महिन्यात परत येतं.

आखाजीला खापरावरचे मांडे आणि आमरस. पुरण आणि रस दोन्ही मऊ, दोन्ही गोड, आणि एकात दुसरं बुडवून. बायपास झालेल्याला याहून नेमकं डम्पिंग प्रयोगशाळेतही घडवता येणार नाही. माझा तोडगा असा: आधी घट्ट वरण किंवा दही पोटात जाऊ द्या, मग मांड्याचा चार बोटांचा तुकडा तुपासोबत, रस नको. रसच हवा असेल तर मांडा नको, आणि रसात वरून साखर घातलेली नको. दोन्ही हवे असतील तर तासाभराने सोफ्यावर काय होतं ते वर लिहिलंच आहे. श्रावणात कानबाई देवीच्या सणाला होणाऱ्या रोटांना हाच हिशेब. प्रसाद तुकड्यानेही प्रसादच असतो.

लग्नाच्या पंगतीत खरी अडचण वाढप्याची असते. ‘येक घास त खाई ले ना’ म्हणत मावशी स्वतः ताटात बट्टी ठेवतात. वाद घालू नका. ताटात आधीच भरीत आणि वरण वाढून घ्या, एक तुकडा पोळी बाजूला दिसू द्या. रिकामं ताट दिसलं की वाढणारा थांबत नाही.

हिवाळ्यातल्या भरीत पार्ट्यांना मात्र मी आनंदाने पाठवते. भरताचं वांगं स्वतः हलकं, कार्ब्स फार थोडे. तेल हात राखून, आणि सोबतची पुरी सोडून अर्धी कळण्याची भाकरी. जोडीला उकडलेलं अंडं किंवा दही न्या, कारण भरतात प्रथिनं फारशी नाहीत.

उपवासाला साबुदाणा नको. पन्नास ग्रॅम कोरड्या साबुदाण्यात ४४ ग्रॅमच्या आसपास नुसता स्टार्च असतो, प्रथिनं जवळपास शून्य. एकादशीच्या दुसऱ्या दिवशी मला फोन येतात ते याचेच. भगर थोडीशी, शेंगदाण्याची घट्ट आमटी जास्त, दही. दिवसभर काही न खाता संध्याकाळी एकदम सोडायचा उपवास असेल तर तो या पोटाला झेपत नाही, तेव्हा देवाला आधीच सांगून टाका.

७. ग्लुकोमीटर: थरथर सुरू असतानाच

वरचं सगळं करूनही उशिराची लक्षणं येत असतील तर आता थोडा खर्च करा. घरात सासऱ्यांचा ग्लुकोमीटर असेल तर नव्या पट्ट्या आणि नवी सुई तेवढी आणा.

रीडिंग सकाळी उपाशीपोटी घेऊन उपयोग नाही. लक्षण चालू असताना घ्या. हात साबणाने धुऊन कोरडे करा. केळं किंवा आंबा सोललेल्या बोटाला चिकटलेली साखर आकडा खोटाच वर दाखवते. सोबत लिहा: काय खाल्लं, किती वाजता, लक्षण किती वाजता, आकडा किती, साखर घेतल्यावर बरं वाटलं का.

७० च्या वर असेल आणि तरी घाम-धडधड असेल, तर कारण दुसरं. ७० च्या खाली आला तर ग्लुकोज पावडर तीन सपाट चमचे, म्हणजे साधारण १५ ग्रॅम, थोड्या पाण्यात घ्या. १५ मिनिटांनी पुन्हा मोजा. बरं वाटलं की लगेच काहीतरी प्रथिनं: पनीरचा तुकडा, अंडं, शेंगदाणे. लाडू, कोल्ड्रिंकची अख्खी बाटली, सरबताचा तांब्या घेऊ नका. त्याने साखर उडी मारते आणि दोन तासांनी परत कोसळते. गाडीवर असाल तर आधी बाजूला लावा.

डॉक्टरांनी अकारबोज ही गोळी दिली असेल तर घरातली साखर लवकर काम करत नाही, कारण ती गोळी साखरेचं विघटनच रोखते. त्यांनी खिशात ग्लुकोज पावडरच ठेवावी.

८. रक्ततपासण्या

या डॉक्टरांच्या सल्ल्याने करायच्या. हिमोग्लोबिन, फेरिटिन, बी-१२, ड जीवनसत्त्व, कॅल्शियम, अल्ब्युमिन, थायरॉइड. थकवा आणि चक्कर यांचं खापर कार्ब्सवर फोडण्याआधी लोह तपासलेलं असावं, विशेषतः बायकांचं. केस गळणं ऑपरेशननंतर तीन ते सहा महिन्यांत बऱ्याच जणांना होतं, त्यासाठी भात वाढवून उपयोग नाही.

तीन महिन्यांच्या सरासरी साखरेच्या तपासणीवर, म्हणजे एचबीए१सीवर, एकट्यावर विसंबू नका. लोह कमी असेल तर तो आकडा फसवतो, आणि साखर चढते-पडते तेव्हा सरासरी छान दिसते.

इथे थांबा, डॉक्टरांकडे जा

खालचं काही असेल तर चहा आणि भाकरी तपासत बसू नका.

साखर ५४ च्या खाली गेली, माणूस बरळायला लागला, बेशुद्ध पडला किंवा फिट आली. बेशुद्ध माणसाच्या तोंडात साखर-पाणी काहीही घालू नका, थेट दवाखाना.

रात्री झोपेत किंवा बराच वेळ उपाशी असताना साखर पडते. जेवणानंतर पडणं हा या ऑपरेशनचा नेहमीचा नमुना आहे. उपाशीपोटी पडणं हा नाही, त्याचं कारण वेगळं असू शकतं आणि ते एंडोक्रायनॉलॉजिस्टनेच (हार्मोनच्या तज्ज्ञ डॉक्टरने) शोधायचं असतं.

बायपासनंतर केव्हाही, अगदी वर्षांनीसुद्धा, पोटात जोराची कळ जी थांबत नाही, सोबत उलटी. आतडं आत अडकलेलं असू शकतं. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेनसारखी वेदनाशामक मेडिकलमधून घेऊन झोपू नका. बायपासच्या जोडावर त्यांनी अल्सरही होतो. तंबाखू-बिडीनेही होतो. काळी शौच किंवा रक्ताची उलटी म्हणजे तीच शंका.

ऑपरेशननंतरच्या पहिल्या महिन्यात ताप, नाडी जलद, पोटात किंवा खांद्यात दुखणं. लगेच सर्जन.

दोन दिवस उलट्या, पाणीही टिकत नाही. इथे थायमिन हे जीवनसत्त्व झपाट्याने संपतं. एकाचे दोन दिसणं, चालताना तोल जाणं, पाय बधिर होणं ही त्याची खूण. सलाइन लावताना डॉक्टरांना विचारा की थायमिन आधी देणार का. नुसतं ग्लुकोजचं सलाइन आधी चढलं तर मेंदूला इजा होऊ शकते.

सगळं पाळूनही थरथर सुरूच राहिली तर ग्लुकोमीटरची वही घेऊन मूळ सर्जनकडे जा. वजन चढतच असेल तर ते दुर्बिणीने किंवा औषध पाजून काढलेल्या एक्स-रेने पिशवी आणि जोड बघतील. साखर पडत असेल तर गोळी आणि शरीरावर लावायचा सेन्सर सुचवतील. तो पंधरा दिवसांसाठी काही हजारांना पडतो, म्हणून मी शेवटी ठेवलाय.

एक गोष्ट गावातल्या दवाखान्यासाठी. नुसतं ‘बायपास झालाय’ म्हटलं की ड्युटीवरचा माणूस ईसीजी मशीन ओढतो. ‘पोटाचा बायपास, वजनासाठी’ असं पूर्ण सांगा, आणि डिस्चार्ज कार्डाचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा, बायकोच्या किंवा नवऱ्याच्याही. ऑपरेशन झालेली बाई गरोदर असेल तर हे दुप्पट महत्त्वाचं, कारण सहाव्या-सातव्या महिन्यात सगळ्यांना ग्लुकोजचं पाणी पाजून साखर तपासतात. त्या पाण्याने हिला जोरदार डम्पिंग होऊ शकतं. त्याऐवजी आठवडाभर घरी ग्लुकोमीटरने मोजलेले आकडे चालतात. ते आधीच विचारून घ्या, रांगेत ग्लास हातात आल्यावर नको.